कामास योग्य

मी खाली सही करणारी, वय अडुसष्ट, पोलीस रुग्णालयातून निवृत्त झालेली डॉक्टर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दुसऱ्या डॉक्टरकडून घेऊन जोडला आहे. माझ्या दाखल्यांवर माझाच विश्वास नाही. आधीची तीन मृत्युपत्रं रद्द समजावीत. वकीलबाई वैतागल्या आहेत. मीही.

१. राहतं घर धाकट्या भावाला आणि वहिनीला, वहिनीचं नाव आधी. आईच्या आजारपणात भाऊ आठ महिने फिरकला नाही. आईचं सगळं वहिनीनं केलं. मी हे विसरलेले नाही. त्यानंही विसरू नये म्हणून इथं लिहिलं.

२. तपासणीची उपकरणं भाचीला. ती नर्स आहे आणि आत्यापेक्षा धीट आहे. पुस्तकं रद्दीत द्यावीत.

३. हे कलम लिहिताना मी चारदा खुर्चीवरून उठले.

नऊ वर्षांपूर्वी एक हवालदार माझ्याकडे आला. सलग एकोणीस दिवस बंदोबस्तावर होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. "पोट दुखतंय, मॅडम." पोट तपासलं, काही नव्हतं. मी स्टेथोस्कोप खाली ठेवला, तेव्हा बोलला.

"गेल्या महिन्यात कोठडीत एका चोराला मारलं. नको तेवढं मारलं. आणि मॅडम, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. त्याचीच भीती वाटते. आता कोणी उलट बोललं की हात शिवशिवतात. काल मुलीवर उगारला. मला घरी बसवा."

मी लिहिलं: चार आठवडे सक्तीची रजा, लोकांशी गाठ पडेल असं काम देऊ नये, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं. तासाभरात त्याच्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला.

"डॉक्टर, थकलेत सगळेच. एकाला सोडलं तर उद्या दारात रांग लागेल. नाटकं करतोय तो."

नाटक नाही हे मला कळत होतं. तरी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'कामास योग्य'. पहिला कागद फाडवेना. घडी करून पर्समध्ये ठेवला. हवालदारानं नवा कागद वाचला, टोपी घातली, मला सलाम केला आणि गेला.

पाचव्या दिवशी चौकात त्यानं एका किल्लीवाल्याला मारहाण केली. बंदोबस्तासाठी अडवलेला रस्ता कधी उघडणार, एवढंच त्या माणसानं विचारलं होतं. बरोबरच्या शिपायांनी ओढून काढेपर्यंत हवालदार थांबला नाही. किल्लीवाल्याचा डावा कान कायमचा गेला. कुलपाच्या पोटातला खटका ऐकून पोट भरणारा माणूस तो.

चौकशीत मला विचारलं, हवालदारानं काही तक्रार केली होती का. मी म्हणाले, "पोटदुखीची." तो बडतर्फ झाला, तुरुंगात गेला. शिक्षा चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. थकलेले शेकडो होते, सगळ्यांनी काही लोकांचे कान फोडले नाहीत. पण आपल्या हातांची भीती वाटते म्हणून माझ्या दारात आलेला तो एकटाच, आणि त्याला मी परत धाडलं. साहेबांना बढती मिळाली. माझ्या निरोप समारंभात त्यांनी मला निष्कलंक म्हटलं आणि मी हसून हार घेतला.

४. आधीच्या मसुद्यात बँकेतली ठेव किल्लीवाल्यांना होती आणि तो पहिला कागद माझ्या मृत्यूनंतर उघडायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सुटलात." दोन दिवस मी त्यांचा फोन घेतला नाही. मग कागद घेऊन दुकानात गेले.

किल्लीवाल्यांनी उजवा कान माझ्याकडे केला, सगळं ऐकलं, कागद दोनदा वाचला.

"नऊ वर्षं मी उगाळत बसलोय, मी काय वावगं बोललो म्हणून."

"काहीच नाही," मी म्हणाले.

"आधी एकाचाच राग होता. आता तिघांचा आला."

मी ठेवीचं सांगितलं.

"ती नको. हे सगळं सरकारात लिहून द्या. जिवंतपणी."

दिलं. तीन आठवड्यांपूर्वी कागद आणि माझा जबाब चौकशी कार्यालयात नोंदवला. माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, पेन्शन थांबू शकते. हवालदारालाही प्रत पाठवली आहे, उत्तर नाही. टपालाचा आवाज आला की मी दाराशी जाते. ठेव हवालदाराच्या मुलीच्या शिक्षणाला द्यावी. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये, भाचीला द्यावी.

५. अंत्यविधीला खात्याचा हार नको, भाषण नको. साहेब आलेच तर त्यांना कोणी अडवू नये, आणि पुढेही बसवू नये.

वरचा मजकूर माझ्याच हातचा असून दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे.

साक्षीदार:
(१) किल्लीवाले. ठेव नाकारल्यामुळे त्यांना साक्षीदार होता येतं, असं वकीलबाईंनी सांगितलं.
(२) शेजारीण, शिवणकाम करणारी.

स्थळ: माझं जेवणाचं टेबल. मंगळवार, दुपारी चार.

दुरुस्ती: कलम तीनमध्ये मी 'चौकात तो दुर्दैवी प्रसंग घडला' असं लिहिलं होतं. पहिल्या साक्षीदारांनी तिथं बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. ते शब्द खोडून 'मारहाण केली' असं लिहिलं आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही.