काकांना पुन्हा स्टिअरिंग मिळालं, त्याची हकीकत

प्रिय भाचेराव,

तुला आणि सूनबाईला मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? (उशी बदल म्हटलं होतं, बदलली नसशीलच.) आम्ही दोघं मजेत आहोत. हे वाक्य बऱ्याच महिन्यांनी खरं लिहितेय, आणि तेही तुझ्यामुळे.

तुला ठाऊकच आहे, काचबिंदूने काकांची बाजूची नजर गेली आणि डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. घरात बसला तो असा, की भाजी खारट झाली तरी बोलेना. तू तुझा जुना व्हिडिओ गेम पाठवलास, तर बटणं दाबून म्हणाले, "रिमोटवर कुठे गाडी चालते का?" मग तू मला फोनवर समजावलंस, की मावशी, गेमचं स्टिअरिंग मिळतं ते घे, पण टेबलाला स्क्रूने आवळता येणारं आणि वळणावर हाताला ओढ देणारंच घे. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुकानात जाऊन रबराने चिकटणारं लाल घेऊन आले. (रंग फार गोड होता रे.) पहिल्याच वळणावर ते टेबल सोडून काकांच्या मांडीवर आलं. त्यांनी ब्रेक मारला, तर पेडल कपाटाखाली गेलं आणि काका ऑफिसातल्यासारख्या चाकांच्या खुर्चीसकट मागे मागे येत स्वयंपाकघरात माझ्यापाशी पोचले. "ब्रेक फेल," म्हणाले. आजारपणानंतरचा हा त्यांचा पहिला विनोद. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

ते बदलून घ्यायला मग काका स्वतःच निघाले. दुकानातली मुलगी बटणं आणि दिवे दाखवत राहिली. हे डोळे मिटून एकेक स्टिअरिंग फिरवून बघतायत. एकाला म्हणाले, "हे डब्याचं झाकण आहे." दुसऱ्याला नुसतंच "छे." मग मोटर असलेलं एक काळं, दिसायला अगदी रुक्ष स्टिअरिंग त्यांनी वळवून सैल सोडलं, तर ते आपणहून हातात सरळ झालं. काका डोळे न उघडता ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. (मी प्यायले.) शेवटी म्हणाले, "हिला जीव आहे. हीच घ्यायची."

आता ते जेवणाच्या टेबलाला आवळलंय, पेडल भिंतीला टेकवलंय आणि खुर्ची लाकडी आहे. शर्यत सुरू झाली की टेबल असं थरथरतं, की आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. बाकीच्या गाड्या सुसाट जातात. काका वळणावर गाडी हळू करतात. मी म्हटलं, "अहो, शर्यत आहे, दामटा ना!" तर म्हणाले, "मागे पोरं बसलीत, पडतील." रोज शेवटचे येतात आणि कुणाला खरचटलं नाही म्हणून खुशीत उठतात. संध्याकाळभर बोलतात. भाजीलाही नावं ठेवतात. बाळा, तुझे उपकार मी कुठे ठेवू?

तुझी,
मावशी

ता. क. काका दुपारी झोपले की मी चालवते. त्यांनी एकदा पकडलं, पण रागावले नाहीत. शेजारी बसून शिकवू लागले. आमची खरी गाडी दारात नुसती उभी आहे. मी शिकाऊ लायसन्स काढलंय. चार दिवस येऊन मला रस्त्यावर शिकवशील का? काकांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. पत्र काकांनी वाचलं. म्हणतात, शिकवणार मीच, मागच्या सीटवरून. तू फक्त तुझं लायसन्स घेऊन पुढे मावशीच्या शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.