मागची गाडी

॥ श्री ॥
उमापूर, फाल्गुन शु. ५, शके १८४०

तीर्थस्वरूप सौ. अक्कास विठ्ठलचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आईने अंथरूण धरले आहे. रोज तुझेच विचारते, सत्यभामा कावून आली न्हाई म्हणून. मुऱ्हाळी न्यायला गेल्याशिवाय लेक माहेरी येत नाही, आणि तुला भाऊ मी एकच. निघायला हवे. पण मानमोडीच्या तापातून उठलो तेव्हापासून वेस ओलांडली की छातीत धडधडते, हात गार पडतात, आता मरतो असे वाटते. ताप गेला, हे राहिले. तुझी भावजय पाठीवरून हात फिरवायला आली की मी तिच्यावर ओरडतो. तूही गोड लिहू नकोस. कोणी गोड बोलले की मी अजून मोडतो.

लोभ आहेच, तो असू दे.
विठ्ठल

॥ श्री ॥
कडा, फाल्गुन शु. १२

चि. विठ्ठलास अनेक आशीर्वाद.

गोड नको, तर ऐक. लहानपणी कोंबड्याला भिऊन तू माझ्या परकरात शिरायचास. तेव्हा काही मोडला नाहीस.

सासूबाईंना विचारून पाहिले. म्हणाल्या, मुऱ्हाळ्याशिवाय सून धाडली तर लोक म्हणतील, हिला माहेरी कोणी उरले नाही. तेव्हा तुलाच यावे लागेल. गेवराईला एक हकीमसाहेब आहेत. माझे दीर बबनराव त्यांच्याकडे जात होते. दवा थोडी देतात, बसवून घेऊन बोलायला लावतात. दीर म्हणतात, लई साधा माणूस हाय. तुझ्या वाटेवरच आहेत. बैल लंगडला तर तू त्याला पराणी टोचत नाहीस. स्वतःला कावून टोचतोस?

आईला सांग, लुगडी बांधून ठेवली आहेत. माया पातळ करू नकोस.
सत्यभामा

॥ श्री ॥
उमापूर, फाल्गुन व. ६

तीर्थस्वरूप सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

गेवराईला जाऊन आलो. जाताना दोनदा गाडी थांबवावी लागली. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली. मग विचारले, हाच त्रास तुमच्या मित्राला असता तर त्याला काय म्हणाला असता. मी म्हणालो, बस म्हणालो असतो, पाणी पी. मग तेच स्वतःला म्हणा, असे बोलून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, तसा उठलो आणि निघून आलो.

अक्का, स्वतःला दटावतो म्हणून उभा तरी आहे. दोरी सैल केली तर पडेन. दया दारावर आलेल्याला द्यायची असते, मला नको. परवा तुला न्यायला निघतो. एकटा, मन घट्ट करून.

तोवर आठवण ठेव.
विठ्ठल

उमापूर, चैत्र शु. ३, शके १८४१

सौ. अक्कास,

वर श्री लिहिले नाही, त्यावरून समजलीच असशील. आई काल गेली.

परवाचे म्हणता निघायलाच आठवडा गेला, पण मी निघालो होतो. सिंदफणेपर्यंत आलो. पाणी घोट्याएवढे. बैल उतरायला तयार, मी नाही. स्वतःला शिव्या दिल्या, मर्द म्हणवतोस म्हणालो, गालात मारून घेतली. हात गार पडले ते पडलेच. गाडी वळवली.

घुंगरांचा आवाज ऐकून आई भिंतीला टेकून बसली होती. माझ्या मागे बघत राहिली. मी सांगितले, अक्का मागच्या गाडीत आहे. मग ती निवांत पडली. पुन्हा उठली नाही.

मला माफ करू नकोस. तोंडात येईल ते लिही.
विठ्ठल

कडा, चैत्र शु. ९

चि. विठ्ठलास आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीसमोर बसून राहिले. भाकरी करपली. राग आहे, लई दिवस राहील, लपवत नाही. पण तोंडात येईल ते तू नदीकाठी स्वतःला बोलून घेतलेस, आणि नदी काही ओलांडली गेली नाही. माझ्या शिव्यांनी आणखी काय होणार?

आज सासूबाईंना विचारले नाही. बोचके घेऊन अंगणात आले. त्या बघत राहिल्या, मग आत जाऊन भाकरी बांधून आणल्या. बबनराव गाडी हाकतील. पत्र माझ्याआधी पोचेल.

वेशीत येऊन उभा राहू नकोस. घरीच अस. गोड बोलणार नाही, जवळ बसेन. दिवस झाले की दोघे गेवराईला जाऊ. नको वाटले तर तू बोलू नकोस. मी बोलेन, मला आईचे बोलायचे आहे. डोळ्यांत पाणी आले तरी उठायचे नाही, एवढे मात्र कर.

आईला तू जे सांगितलेस, तेवढे खरे करायला निघाले आहे. मी मागच्या गाडीत आहे.

तुझी,
अक्का