शिट्टी का झाली, ते सांग

बाई, काल मुलुंडच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर मी माझ्या सहकाऱ्याला चारचौघांदेखत सांगितले, "उद्यापासून येऊ नका." शब्द साधे होते, उच्चार स्पष्ट होता, आणि त्या क्षणी तो स्पष्टपणा मला स्वतःलाच आवडला होता. आज रविवार. सकाळचे एक काम आटोपून आल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. चहा करते आणि ओट्यावरच विसरते. उद्या त्याच इमारतीच्या उरलेल्या दोन बाजू तपासायच्या आहेत आणि त्या माणसाचे काय करायचे, हे त्याआधी ठरवायला हवे. दुसऱ्या कुणाला हे सांगायला जावे, तर उत्तर ठरलेले आहे: चालतंय ना आता, मग झालं. "चालतंय ना" हे उत्तर नव्हे, असे मला शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

मी इमारतींच्या बाहेरच्या भिंती तपासते. पूर्वी त्यासाठी परांची बांधावी लागे. आता ड्रोन उडवतो. चार पंख्यांचे ते यंत्र भिंतीलगत वर चढते आणि आमच्या हातातल्या रिमोटला जोडलेल्या फोनवर भेग न् भेग दिसते. या इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून गिलाव्याचे पोपडे थेट मुलांच्या खेळायच्या जागेत पडू लागले होते, म्हणून आम्हाला बोलावलेले. ड्रोन उडवतो तो हाच सहकारी, चाळिशीतला, दहिसरला राहणारा, मूळ मालवणकडचा गृहस्थ. त्याचा हात स्थिर आहे, हे मी मान्य करते. बाकी त्याच्यातले पुष्कळ काही मला खटकते. तो अखंड बोलतो. अहवालात "साधारण" हा शब्द वापरतो. आणि यंत्राच्या पाठीवर त्याने गावच्या देवीचा सोनेरी, चकचकीत स्टिकर लावला होता, तोही मला न विचारता.

काल उड्डाणाआधी त्याने गच्चीवर नारळ फोडला, पुटपुटत गाऱ्हाणे घातले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. "घ्या मॅडम. देवीक सांगितलंय, आता काय्येक होवचा नाय."

"तुमच्या देवीकडे उडवायचा परवाना आहे का?" मी विचारले. सोसायटीचे सेक्रेटरी खो खो हसले. तोही हसला, मात्र खोबरे त्याने हातातच ठेवले.

यंत्राला धूळ लागू नये म्हणून आम्ही खाली रेक्झिनची गोल चटई अंथरतो. तिच्यावर नारळाचे पाणी उडाले होते, कुंकू सांडले होते. असली घाण मला चालत नाही. चटई गुंडाळायला लावून मी यंत्र आमच्या पेटीच्या झाकणावरून उडवायला सांगितले. ते वर गेले, थोडे खाली उतरून भिंतीलगत आले, आणि मग कुणीही सांगितले नसताना तिरके सरकत इमारतीच्या कोपऱ्याआड नाहीसे झाले. त्याच्या आणि आमच्यामध्ये काँक्रीट आले. फोनवरचे चित्र गोठले, मग काळे पडले: संपर्क तुटला. खाली मुले खेळत होती. संपर्क तुटल्यास इमारतीपेक्षा उंच जाऊन परत फिरावे, अशी सूचना यंत्राला आधीच दिलेली असते. तिच्यामुळे ते गच्चीच्या वर आले, चित्र परतले आणि त्याने ते हाताने उतरवले. तेवढ्या वेळात मी कठड्यापाशी काय काय पाहिले, ते लिहीत नाही. "मॅडम, तुमचं पाखरू रुसलं वाटतं!" सेक्रेटरी म्हणाले.

मग मी एकाच दमात सगळे केले. चकचकीत कागदात धातू असणार आणि तो उपग्रहांचे संकेत अडवत असणार, म्हणून स्टिकर नखाने उचकटून टाकला. मोबाइल कंपनीच्या अँटेनाचा खांब जवळ होता, म्हणून सगळ्यांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेले. फोन आणि रिमोट जोडणारी केबल बदलली. फोनचे नेटवर्क बंद केले. त्याने इकडे मुकाट्याने चटई उलटी करून पुन्हा अंथरली होती. माझे लक्ष नव्हते. दुसरे उड्डाण निर्दोष झाले, दोन बाजू पुऱ्या तपासून झाल्या. "झालं की!" सेक्रेटरी म्हणाले. मी म्हणाले, "तो स्टिकरच होता." आणि मग त्याला ते "येऊ नका"चे वाक्य सुनावले. जमिनीवरचा स्टिकर उचलून त्याने पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. "फेकू नका हां मॅडम. चटई तेवढी धुवून आणून देतो, मग सुटलो." चटई काखेत मारून तो जिना उतरला.

घरी आले आणि तुमचे घाटकोपरचे स्वयंपाकघर आठवले. मी नववीत आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही मला जेवायला घेऊन आला आहात आणि कुकरला काही केल्या शिट्टी होत नाही, कडेने नुसती वाफ फुसफुसते. तुम्ही पोळ्या लाटता आहात. मी हुशारी करून झाकणाची रिंग नवी घालते आणि शिट्टीही दुसऱ्या कुकरची बसवते. दणदणीत शिट्टी होते. मी तुमच्याकडे शाबासकीसाठी पाहते.

"शिट्टी का झाली, ते सांग," तुम्ही लाटणे न थांबवता विचारता.

"रिंग आणि शिट्टी, दोन्ही बदललं म्हणून."

"म्हणजे तुला माहीत नाही. दोष एकाचा, शिक्षा दोघांना. काढ दोन्ही, जुनं घाल. आता एकेक बदल." पोटात कावळे ओरडत असताना तुम्ही मला तो कुकर पुन्हा थंड करून उघडायला लावलात. वरण गार झाले. आपण ते गारच जेवलो, आणि दोष रिंगचा होता.

म्हणून आज सकाळी मी एकटीच यंत्र घेऊन गेले. त्या इमारतीमागे मोकळा भूखंड आहे, आमच्या परवानगीच्या हद्दीतला. चटई त्याच्याकडे, म्हणून यंत्र पेटीच्या झाकणावर ठेवले. पाठीवर स्टिकर पुन्हा लावला, जुनी केबल जोडली, फोनचे नेटवर्क चालू केले, आणि यंत्र खांद्याइतकेच उंच उचलले. ते कालच्यासारखे तिरके सरकू लागले. मला काय वाटले असेल, तुम्ही ओळखाल. मला आनंद झाला, बाई. मी स्टिकर काढला, फक्त स्टिकर. यंत्र तसेच सरकले. केबल बदलली, तसेच. नेटवर्क बंद केले, तसेच. अँटेनाचा खांब तर तिथे नव्हताच. माझे सगळे आरोपी एकेक करून सुटले. शेवटी चिडून मी यंत्र पेटीपासून दूर, नुसत्या मातीवर ठेवून उडवले, आणि ते देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखे जागच्या जागी स्थिर राहिले.

पेटीच्या झाकणात एक कप्पा आहे. त्यात तुमचा चुंबक होता. मी मुंबई सोडून पुढच्या शिक्षणाला निघाले, तेव्हा प्रयोगशाळेतून बाद झालेला तो नालाच्या आकाराचा, लाल रंग उडालेला चुंबक तुम्ही मला दिलात. "टोकांना ही लोखंडी पट्टी लावूनच ठेव, नाहीतर भलतीकडे जोर दाखवत बसेल," असे बजावलेही होतेत. पट्टी केव्हाच हरवली. ड्रोनला दिशा कळते ती होकायंत्रावरून. ते होकायंत्र झाकणावर बसल्या बसल्याच बहकले होते, म्हणून यंत्र वर जाऊन भिंतीआड गेले. चटईवरून उडताना पेटी दूर असते, कालच्या दुसऱ्या उड्डाणातही होती. चटई काढायला मीच लावली होती. तपासणीला निघताना तो चुंबक जागेवर आहे ना, हे मी दर वेळी कप्प्यात हात घालून चाचपते. त्याला मी आठवण म्हणते. त्या गृहस्थाच्या स्टिकरला काल मनातल्या मनात काय म्हणाले, ते तुमच्यासमोर म्हणवणार नाही.

चुंबक आता टेबलाच्या खणात आहे. स्टिकर मी यंत्राच्या पाठीवर परत लावला, पण आजच्या काढघालीत त्याचा डिंक गेला आहे आणि तो तिरका बसला. दोनदा काढून सरळ करायचा प्रयत्न केला. मग तसाच राहू दिला. तो कोपरा माझ्या डोळ्यांत सारखा खुपतो आहे.

दुपारी त्याचा मेसेज आला: "मॅडम चटई सुकली. कोणाकडे देऊ?" उत्तर दोन ओळींचे आहे. सेक्रेटरींना काय सांगायचे, तेही मला ठाऊक आहे. त्यांच्यासमोर बोलले होते, तर त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवे, हे तुम्ही न सांगताही कळते. वाक्ये मनात तयार आहेत आणि नेहमीप्रमाणे नेटकी आहेत. एवढी पाने लिहून झाली, बाहेर दिवे लागले, आणि त्याचा मेसेज अजून तसाच आहे.

खरे सांगायचे तर, बाई, मी त्याला उत्तर लिहायला बसले होते.