जुकबॉक्सला आवाजच न्हाई

३ जून
ठरलं. यवतच्या आपल्या हॉटेलात जुकबॉक्स बसवायचा. नाणं टाका, बटण दाबा, गाणं ऐका. हायवेला असलं कुणाकडंच न्हाई. बायको, प्रतिभा म्हणाली, आधी कानाच्या डॉक्टरकडं चला. माझे कान ठणठणीत हायत! शिक्रापूरला कारखान्यात, पत्रं ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधी उभी हयात काढली, कानात कधी बोळा घातला न्हाई. इयरप्लग भित्र्यांसाठी. बायकोच हल्ली पुटपुटती. तिलाच घशाच्या डॉक्टरकडं न्यायला पायजे.

७ जून
दौंडला नवनाथ रेडिओवाल्याकडं रेल्वे क्लबातला जुना जुकबॉक्स बघितला. काय रुबाब! रंगीत दिवे, आत तबकड्या, सुई आपोआप बसती. आवाज मात्र मेल्याला न्हाई. नवनाथला म्हटलं, सुई झिजली. त्यानं प्रतिभाकडं बघितलं, तिनं खाली बघितलं. माल खपवायला बायकांना फितवत्यात हे लोक. कॅन्सल.

१२ जून
शिक्रापूरला डिजिटलचा डेमो. टचस्क्रीन, मोबाईलवरनं गाणं लावा. ढोलकी जरा लागली, गाणारी बाई गायब. सेल्समनला झापला, व्हॉल्यूम वाढवायला लावला. तो कानावर हात ठेवून उभा. लाजला असंल.

१५ जून
पुण्याहून लेकीचा, अंकिताचा फोन. नेटवर्कची बोंब. हां हां म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात म्हटलं आन् ठेवला. मग प्रतिभा रडायला लागली. पोरीला दिवस गेलेत, तेच ती सांगत होती म्हणं. एवढी आनंदाची बातमी इतक्या हळू सांगावी का? भजी करपली.

२० जून
शेवटी नवनाथचा जुनाच घेतला. दिवे तरी दिसत्यात. आज बसवला, फुल्ल व्हॉल्यूम. गिऱ्हाइकं मिसळ टाकून बाहेर पळाली. म्हटलं, वायर लूज हाय, आन् मागं वाकून बघायला लागलो. प्रतिभानं माझा हात धरून मशीनवर ठेवला. आत धडधड चालली होती. लई जोरात. मला भ्या वाटलं.

विचारलं, कंचं गाणं लागलंय? तिनं सांगितलं. परत विचारलं. ती ओरडली असंल, गळ्याच्या शिरा दिसल्या. मग तिनं भिंतीवरची पाटी काढली, मिसळ-वडा पुसला आन् खडूनं गाण्याचं नाव लिहून दाखवलं.

वाचून म्हटलं, चांगलं हाय गाणं.