पाच कळशा गोडं पाणी

आई,

तुझ्या सायकलीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खरं तर सायकलीपेक्षा ती मावशीबद्दल आहे. तुझी ती रत्नागिरीकडची मैत्रीण, मिरजेला तुझ्याबरोबर बाळंतपणाचं काम शिकलेली. मी तिला मावशी म्हणायचे, कारण नातं सांगावं असं आपल्याला दुसरं फारसं कुणी नव्हतं. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, त्याहून आज माझी धाकटी लेक वीसेक वर्षांनी मोठी आहे. ती मला विचारते, तुला सायकल का येत नाही, तुझी आई तर नऊवारी नेसून चालवायची म्हणतेस. मी म्हणते, जमलं नाही बाई. आयुष्यभर शाळेत मुलांना खरं बोला म्हणून पट्टी दाखवली, आणि घरच्या साध्या प्रश्नाला हे असं उत्तर.

ती सायकल तू मिरजेहून विलायतेला परत निघालेल्या एका मडमेकडून घेतली होतीस. मधला दांडा खाली वाकलेला होता, त्यामुळे कासोटा घातलेल्या बाईला बसता यायचं. तासगाव तालुक्यातल्या आपल्या त्या गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या होत्या, आणि आसपासच्या दहा-बारा वाड्यांना बाळंतपणासाठी तू एकटी. बाबा पलटणीत असतानाच गेले. विधवा बाई सायकलवर फिरते म्हणून पहिले सहा महिने पारावरची म्हातारी माणसं तुला बघून तोंड फिरवायची. पुढे त्यांच्याच सुनांची पोरं तुझ्या हातावर जन्मली आणि तीच माणसं वाटेतले धोंडे उचलून बाजूला टाकायला लागली. दर रविवारी मी ती सायकल येरळेत घालायचे, बैल धुवावा तशी. चाकं पाण्यात फिरवायची, गवताच्या चुडीनं आरे घासायचे, उन्हात उभी करायची. तू काठावर बसून बघायचीस. हे एक काम मी न सांगता करते, असं तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस.

त्रेचाळीस सालच्या थंडीत तुला आठ दिवसांची रजा मिळाली. मावशी तेव्हा रत्नागिरीच्या खाली समुद्राकाठच्या एका गावात कामाला होती. तिनं पत्रात लिहिलं होतं की इथं ओहोटी लागली की वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते, सायकल आणलीस तर कोसभर नुसती सोडून द्यावी. तू ते पत्र चारदा वाचलंस. मला वाटलं चेष्टाच असणार, कारण एवढ्या लांब सायकल कोण नेतं? पण तू नेलीस. मिरजेहून आगगाडीनं कोल्हापूर, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. आंबा घाटात ती मोटार दोनदा दमली आणि आपल्याला उतरून चालावं लागलं. टपावर बांधलेल्या सायकलीकडे मान वर करून बघत तू चालत होतीस. ड्रायव्हर म्हणाला, "आवं बाई, ती काय उडून जातीया व्हय?" आणि तू हसलीस.

पहिली सकाळ मला आत्ताही दिसते. कोकणातली थंडी ती काय थंडी, आपल्या माळावर शाळूच्या रानातून येणाऱ्या वाऱ्यापुढं ती काहीच नाही. पण तुझ्या अंगावर माझी जुनी शाल आहे, पदर खोचलेला आहे आणि समोर पाणीच पाणी आहे. तू पायानं वाळू दाबून बघतेस. मग टांग मारतेस. ओल्या वाळूवर चाकांचा आवाज म्हणून होत नाही. मी मागे बसलेली, तुझी कंबर घट्ट धरून. मावशी अनवाणी शेजारून पळते आहे, अंबाडा सुटला आहे. "अगो हळू, हळू," म्हणते आणि स्वतःच हसून वाकते. तू ओव्या म्हणायला लागतेस. घरी दळताना म्हणायचीस त्याच, पण इतक्या मोठ्यानं मी कधी ऐकल्या नव्हत्या.

मग मावशी म्हणाली, "आता मला बसव." तू मला उतरायला सांगितलंस.

एवढंच झालं. यात रागवण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी रागावले. चौदा वर्षांची होते. तुम्ही दोघी लांब गेलात, इतक्या लांब की तुमचा एकच ठिपका झाला. हसणं मात्र वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येत होतं. माझ्याबरोबर तू तशी कधी हसली नव्हतीस. तुला दमलेली, भुकेली, रक्तानं पदर भरलेली मी बघितली होती, आणि ही कोण बाई तुला पोरीसारखी हसवते आहे असं मला झालं. तुम्ही परत आलात तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते. तू विचारलंस, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काय न्हाई. पाय दुखत्यात."

तुझी मर्जी मिळवायचा मला एकच मार्ग ठाऊक होता. संध्याकाळी मी सायकल घेतली, लाटांत उभी केली आणि घरच्यासारखी धुतली. चाकं फिरवली, साखळीवर ओंजळीनं पाणी मारलं. तू लांबून हात केलास. मावशी मात्र धावत आली. ओरडली नाही, हळूच म्हणाली, "अगो बाय, ही तुमची नदी नाय. ह्यात मीठ असतं, लोखंड पोखरून टाकील. आता विहिरीवर ने नि पाच कळशा गोडं पाणी ओत. चाकाच्या आत, साखळीवर. मग पुसून तेलाचं बोट फिरव. रोज कर हो." मी "बरं" म्हटलं. तिचा दीर ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "घाटावरची माणसं, त्यांना काय कळणार." मावशीनं त्याला दटावलं, पण मी ते ऐकलं होतं.

मी विहिरीवर गेले. एक कळशी ओढली आणि ती पायरीवर ओतली, नुसती ओल दिसावी म्हणून. सायकल भिंतीला लावून ठेवली. जेवताना मावशीनं विचारलं, "धुतलीस गो?" मी म्हटलं, "व्हय." तू तेव्हा आत भात वाढून घेत होतीस. पुढचे चार दिवस हेच झालं. तुम्ही रोज सायकल चालवत होतात, मावशी रोज विचारायची, तुला ते नेहमीचंच धुणं वाटायचं, आणि मी रोज एक कळशी पायरीवर ओतायचे. निघायच्या दिवशी मी सायकल मुद्दाम समुद्रात घातली. मावशी तेव्हा घरी आपल्यासाठी शिदोरी बांधत होती. तू वाळूवर बसून बघत होतीस. "माजी लेक लय कामाची हाय," म्हणालीस. हे तुझे शब्द, आई. मी ते मिरवत घरी आले.

शिमग्यापर्यंत साखळी कुरकुरायला लागली. आरे एक-एक करून तुटायला लागले. तू सांगलीला घेऊन गेलीस, मीही बरोबर होते. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मागचं चाक उघडलं आणि आतले छर्रे तळहातावर घेऊन आपल्याला दाखवले. लाल माती झाली होती. "बाई, खाऱ्या पाण्यात घातली व्हती काय कुटं?" त्यानं विचारलं. तू जरा विचार केलास, मग माझ्याकडे बघून हसलीस. "समुद्रात धुतली की हिनं. आमाला काय ठावं, पाणी म्हंजी पाणी." माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तो हात मी अजून विसरलेले नाही. लढाईमुळं नवे छर्रे नव्हते, साखळी नव्हती. मिस्त्रीनं जुनं-पानं घालून ती चालती केली आणि लांब नेऊ नका म्हणाला.

लांब नेऊ नका. तुझं सगळं कामच लांबचं होतं.

चैत्रात एका दुपारी पाच मैलांवरच्या वस्तीवरून माणूस आला. पहिलटकरीण होती, रक्त थांबत नव्हतं. मी हट्टानं मागे बसले. अर्धी वाट सरली आणि उघड्या माळावर, जिथं सावलीला एक बाभूळसुद्धा नाही, तिथं साखळी तुटली. तू एकदा खाली वाकून बघितलंस. मग पिशवी डोक्यावर घेतलीस आणि पळायला लागलीस. मी सायकल ढकलत मागे. तू लहान होत गेलीस, समुद्रावर झाली होतीस तशी, पण या वेळी कुणी हसत नव्हतं.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका गप्प बसल्या होत्या. आतून तान्ह्याचं रडणं येत होतं. त्याची आई गेली होती, तू पोचायच्या जरासं आधी. सासू दारात बसली होती. ती तुला म्हणाली, "आवं बाई, मगाशी आला असतासा तर." तिनं दोष दिला नाही, नुसतं म्हणाली. तू म्हणालीस, "माज्याकडनं उशीर झाला." सायकलीचं नाव काढलं नाहीस. बाळाला धुतलंस, गुंडाळलंस, आजीच्या मांडीवर दिलंस आणि बाहेर येऊन हात धूत राहिलीस.

परतताना आपण दोघी चालत होतो, सायकल मधे. निम्मी वाट सरली. मग एकदम म्हणालीस, "तिनं सांगाया नगं व्हतं व्हय? ती तितं ऱ्हाती. तिला ठावं व्हतं." कोण, ते मला विचारावं लागलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तू पुढे म्हणालीस, "तुजा काय दोष, बाळ. तुला कुणी सांगितलंच न्हाई," आणि मी तोंड मिटलं. तो माळ, ते ऊन, तुझी ती पाठ, त्या पाच मैलांत मला हजार वेळा सांगता आलं असतं. तू मला मारलं असतंस. मग संध्याकाळी जवळ घेतलं असतंस, कारण तू तशीच होतीस. आणि मावशी तुझी राहिली असती.

त्यानंतर तू तिला पत्र टाकलं नाहीस. तिची तीन आली. तू ती न फोडता ट्रंकेत साडीखाली ठेवलीस. चौथं आलं नाही. सायकल परसात कुडाला टेकून उभी राहिली आणि तू वाड्या चालत करायला लागलीस. उशीर व्हायचा, कधी पोचायचीस, कधी नाही. तुझ्याकडे हसायला येणारं माणूस पुन्हा कुणी आलं नाही, आणि मी मनातल्या मनात काय म्हणत होते सांगू? आता आई माझी एकटीची आहे. हेही आज लिहिते.

मी साताऱ्याला मास्तरणीचं शिकत होते तेव्हा तुला ताप भरला. अठ्ठेचाळीस साल. विषमज्वर. तुला मी साताऱ्यालाच आणलं होतं. शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी तू चांगली शुद्धीवर होतीस. खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत म्हणालीस, "लय मोठं पाणी व्हतं, न्हाई? आन ती पळत व्हती बघ." मी "हं" म्हटलं. तू वाट बघितलीस, मी आणखी काही बोलेन अशी. की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. मी तुझ्या कपाळावरची घडी बदलली.

तू गेल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं. महिन्यानं तिचं जोडकार्ड आलं. एका कार्डावर तिचा मजकूर, दुसरं कोरं, उत्तरासाठी, त्यावर तिनं आपल्याच हातानं आपला पत्ता लिहिलेला. तिनं लिहिलं होतं: "तुझी आई माझ्यावर का रागावली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं काय चुकलं एवढंच कळव गो. तुला ठाऊक असेल तर." खाली तिची सही.

तिला जाऊनही आता चाळीस वर्षं होऊन गेली. तिच्या गावाहून आलेल्या एका बाईंनी एकदा सहज सांगितलं, मी अधिक विचारलं नाही. ती तीन पत्रंही मी कधी फोडली नाहीत. ती तुझी होती.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. इतकी पानं झाली, आणि ती घालायला पत्ता नाही. मावशीचा होता. ते कोरं कार्ड अजून माझ्याजवळ आहे, पिवळं पडलं आहे, पत्ता मात्र स्वच्छ वाचता येतो. त्यावर फार लिहावं लागलं नसतं. तुम्ही मला सांगितलं होतं मावशी, आणि मी आईला ते सांगितलं नाही. एवढं त्या कार्डात मावलं असतं.