विवाहस्वातंत्र्य: एक अभ्यास

४ जानेवारी २०२५
मानवाधिकार एम.ए.च्या प्रोजेक्टचा विषय मंजूर. 'ग्रामीण कुटुंबातील विवाहस्वातंत्र्य'. गाईड मॅडम म्हणाल्या, विषय चांगला आहे, पण फील्डवर्क करा. उद्यापासून पहाटे वाचन.

फील्डवर्क घरीच चालून आलं. बहीण नूतन तळोद्याला हॉस्पिटलात नर्स आहे. तिथल्याच लॅबमधल्या अमृतशी तिला लग्न करायचंय. मुलगा काठी गावाकडचा, आदिवासी. घरात सगळ्यांत आधी मला सांगितलं. म्हणाली, तू हेच शिकतोस ना, बाबांशी तूच बोल. अभिमान वाटला. संक्रांतीपर्यंत बोलतो, असा शब्द दिला.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. बोलणं राहिलं. केळीची कटाई चालू, बाबा दिवसभर मळ्यात. अशा विषयाला वातावरण लागतं. बायकोला, प्रतिभाला, हे समजावलं. ती म्हणाली, वातावरण केळीला लागतं.
पहाटेचं वाचन थंडीमुळे संध्याकाळी ढकललं आहे.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदनाला माझं भाषण. व्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो. टाळ्या. बाबा पुढच्या खुर्चीत, शेजारच्यांना सांगत होते, मन्हा पोऱ्या शे. घरी येताना विषय काढणार होतो, पण माणूस इतका खुशीत. आनंदी राहण्याचा हक्क त्यांनाही आहे.

९ फेब्रुवारी
तळोद्याला अमृतला भेटलो. शांत मुलगा. चहा त्यानेच पाजला. मी त्याला मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यातला अनुच्छेद सोळा समजावला: सज्ञान स्त्री-पुरुषांना वंश, धर्म यांच्या बंधनाशिवाय विवाहाचा हक्क. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण तुमचं स्वतःचं मत काय, दादा?"
म्हटलं, संशोधकाने तटस्थ राहायचं असतं.
तो हसला नाही. जीपपर्यंत सोडायला आला.

१८ फेब्रुवारी
कोणीतरी बाबांच्या कानावर घातलं. समाजात तोंड कसं दाखवायचं, एवढंच बोलले आणि जेवले नाहीत. नूतनची नोकरी बंद. फोन काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "तू शिकेल शे. तिले समजाड."

फोन माझ्या कपाटात आहे. वाईट वाटलं, पण विचार केला तर बरंच झालं. दुसऱ्या कोणाकडे गेला असता तर उघडून पाहिला असता. मी पाहिलेला नाही. खासगीपणाचा हक्क.

२४ फेब्रुवारी
धानोऱ्याचं स्थळ. मुलाकडचे येऊन गेले. मुलाचे काका चुनीलाल फार बोलतात. साखरपुडा होळीनंतर. नूतनला कोणी विचारलं नाही, ही नोंद मी लगेच केली.

ते गेल्यावर ओसरीवर सगळे बसले होते. नूतन सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तू सांग."
बाबांनी मान वर केली. आई पोळपाट घेऊन उभी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते.
मी म्हटलं, दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा.
मग पाणी प्यायलो. एकूण संतुलित बोललो असं वाटतं. छातीत मात्र धडधडत होतं. बहुतेक ॲसिडिटी.

५ मार्च
नूतनने एका फोनपुरता फोन मागितला. म्हटलं, बाबांची परवानगी घे, मी लगेच देतो. रडली नाही, भांडली नाही. ठीक शे, म्हणाली आणि केर काढायला लागली. तिचं ते केर काढणं दिवसभर डोळ्यांपुढे.
बसून चौथं प्रकरण लिहिलं, 'कुटुंबातील संवाद'. मॅडमना पाठवलं. म्हणाल्या, अनुभव बोलतोय.
साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाबांशी नक्की बोलायचं. ठरलं.

८ मार्च
महिला दिन. एका कॉलेजात व्याख्यान. शाल मिळाली.

दुपारी घरी आलो तर ओसरीवर बाबा एकटे. प्रतिभाने माझं कपाट उघडून फोन नूतनला दिला होता. आणि आईने, शांतीबाईने, जी बाबांना न विचारता माहेरीही जात नाही, पोरीची बॅग स्वतः उचलून तिला तळोद्याच्या जीपमध्ये बसवलं. नूतन आता मैत्रिणीच्या खोलीवर. सोमवारी नंदुरबारला रजिस्टर लग्नाची नोटीस देणार.

आई परत आली आणि बाबांसमोर उभी राहिली. "मीच धाडी तिले. काय बोलनं शे ते माले बोला."
मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. मी शाल घडी करत आत गेलो.
काही कोसळलं नाही. बाबा उठून मळ्यात गेले.

प्रतिभाला म्हटलं, मला निदान विश्वासात घ्यायचं. ती म्हणाली, तुम्हाला जानेवारीतच घेतलं होतं.

२१ मार्च
बाबा कोणाशी बोलत नाहीत. पण धानोऱ्याला स्वतः जाऊन नकार सांगून आले. मी सोबत यायला तयार होतो. म्हणाले, राहू दे.

१७ एप्रिल
नूतनचं लग्न झालं. नंदुरबारला.

साक्षीदार तिघे लागतात. आई, प्रतिभा, आणि तिसरा मी, असं मी धरून चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला. जीप निघताना बाबा धोतर-टोपी घालून बाहेर आले आणि पुढे बसले. तिसरी सही त्यांची. नूतन त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि अमृतचे वडील बाज्या, तेही डोळे पुसायला लागले. मी फोटो काढले.

ऑफिसबाहेर लिंबाखाली बाबांच्या शेजारी बसलो. म्हटलं, बाबा, मी बोलणारच होतो, पण तुमचा राग...
त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"मन्हा राग व्हता, खरं शे," ते म्हणाले. "पन तू शिकेल शे. मी वाट दखी ऱ्हायंतू, तू काही बोलशी म्हनीसन. तू बोलता, तं मी ऐकतू."
मग उठून ते बाज्यांच्या शेजारी जाऊन बसले.

घरी आल्यावर प्रोजेक्ट काढला. फक्त निष्कर्ष लिहायचा आहे. बाबांचं वाक्य सारखं कानात येत होतं, म्हणून मॅडमना फोन करून वाचून दाखवलं. फार मोलाचं आहे, म्हणाल्या. कोणाचं आहे?
एका उत्तरदात्याचं, म्हटलं.