लुगड्यावर पडलेलं मेण

तळोदे, शुक्रवार, फाल्गुन शुद्ध तृतीया

आज आबांच्या हातून नवरीच्या लुगड्यावर वितळलेल्या मेणाचा थेंब सांडला. मेणाखाली नीळ चढत नाही, म्हणजे तो डाग पांढराच राहणार. मी म्हटलं, "आबा, यापुढे मेणाची लेखणी मी धरते." बोलून गेले खरं. इतकं तोंडावर बोलायला हवं होतं का? पोरीला हे काम शिकवायचं नाही म्हणणारे ते; मी नुसतं बघून शिकले.

आबा त्या थेंबाकडे बघत राहिले. "हात थरथरस मन्हा, डोया नही," डोळ्यांकडे बोट दाखवत म्हणाले. मग लेखणी माझ्यापुढे ठेवली.

मी थेंबाभोवती मेणाच्याच पाकळ्या काढल्या. बोट भाजलं, सांगितलं नाही. आबा शेजारून उठले नाहीत. मग म्हणाले, "मेण थंड व्हई गयं. तपाड."